उद्गारचिन्हाचा नकार आणि तळमजल्याचे शून्य

जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या दोन्ही भाषांत नकारासाठी ! हे चिन्ह आहे. रकाना रिकामा आहे का, हे त्याने कळते असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते चिन्ह मूल्य खरे की खोटे एवढेच ठरवते आणि उत्तर उलटवते. जावास्क्रिप्टमध्ये रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड, नॅन यांच्या पंक्तीत शून्यही खोटे असते.

समजा, नालासोपाऱ्यात तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंनी फॉर्मच्या मजल्याच्या रकान्यात इंग्रजी आकड्यात शून्य लिहिले. प्रोग्रामने त्याची संख्या करून !मजला असे तपासले, की ‘मजला भरा’ अशी सूचना येते. बाईंनी तर तो भरलेला आहे! पाचव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने मराठी कीबोर्डवरून ५ टाकला तर त्याची संख्याच होत नाही. नॅन मिळते आणि तीच सूचना येते. शून्य स्ट्रिंगच राहिले तर जावास्क्रिप्ट ते खरे मानते, पीएचपी खोटे. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने सोडलेला फॉर्म मग सर्व्हरवरच्या पीएचपीत अडतो. रिकामेपणच तपासायचे असेल तर संख्या करण्याआधी मजला === "" असे सरळ विचारावे; भरणाऱ्याला उगाच चुकीचे ठरवू नये.

शोधातही हाच घोळ होतो. "वसई-विरार" मध्ये "वसई" शोधली की जावास्क्रिप्टचे इंडेक्सऑफ शून्य देते, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. "पालघर" न सापडल्याने उणे एक मिळते. पुढे ! लावले, की सापडलेली वसई गैरहजर ठरते आणि नसलेले पालघर हजर. इथे इन्क्लूड्स वापरावे.

!शहर === "विरार" म्हणजे ‘शहर विरार नाही’ असेही नव्हे. नकार आधी शहराला चिकटतो, त्यामुळे उत्तर कायम खोटे. हवे ते शहर !== "विरार".

‘वसई किंवा विरार नाही’ या मराठी वाक्यात शेवटचा नकार दोन्ही नावांना व्यापतो. तेच शहर !== "वसई" || शहर !== "विरार" असे लिहिले तर अट नेहमी खरी ठरते, कारण एक शहर एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. इथे && म्हणजे ‘आणि’ हवे. नकार आत नेला की ‘किंवा’चे ‘आणि’ होते; हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले.

दोन नकारांनी मूळ मूल्य नेहमी परत मिळते, हेही खरे नाही. !!5 चे उत्तर 5 नसून ‘खरे’ असते.