विमानाची संरचना आणि धावपट्टीवरील परकीय वस्तूंचा धोका

प्रस्तावना : विमान बाहेरून कितीही भक्कम भासले, तरी वजन कमी राखणे ही उड्डाणाची पहिली अट असल्याने त्याच्या संरचनेत अनावश्यक जाडीला स्थान नसते. त्यामुळे धावपट्टीवरील एखादी क्षुल्लक वस्तूही विमानाच्या सुरक्षिततेस बाधक ठरू शकते. स्क्रू, खडे, धातूच्या पट्ट्या, टायरचे तुकडे इत्यादींचा समावेश ‘फॉरेन ऑब्जेक्ट डेब्री’ अर्थात एफओडी या संज्ञेत होतो.

संरचना : विमानाच्या धडात वर्तुळाकार कडी व लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या यांच्या सांगाड्यावर पातळ पत्रा जोडलेला असतो. सेमी-मोनोकॉक नावाच्या या रचनेत पत्रा हे केवळ वेष्टन नसून तो प्रत्यक्ष भार वाहतो. पंखांतील पोकळीत इंधन साठविले जाते. म्हणजेच पंखाचा पत्रा हीच बहुधा टाकीची भिंत असते.

कॉन्कॉर्ड दुर्घटना : २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उड्डाणासाठी धावणाऱ्या कॉन्कॉर्डचे चाक सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धातूच्या पट्टीवरून गेले. टायर फुटला आणि त्याचा सुमारे साडेचार किलो वजनाचा तुकडा पंखाच्या तळावर आदळला. या आघाताने टाकीतील इंधनात दाब निर्माण होऊन टाकीचा तळ आतून बाहेर फुटला. गळणाऱ्या इंधनाने पेट घेतला व विमान गोनेस येथे कोसळले. विमानातील १०९ व जमिनीवरील ४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

ही पट्टी काही मिनिटांपूर्वी उड्डाण केलेल्या डीसी-१० विमानाच्या इंजिनाच्या आवरणावरून गळून पडली होती. ती उत्पादकाच्या निकषांनुसार बनविलेली वा बसविलेली नव्हती, असे फ्रेंच तपासात आढळले. दुर्घटनेनंतर कॉन्कॉर्डच्या टाक्यांना केव्हलारचे अस्तर व चाकांना अधिक प्रतिकारक्षम टायर देण्यात आले. नोव्हेंबर २००१ मध्ये पुन्हा सुरू झालेली ही सेवा २००३ मध्ये कायमची थांबली.

निष्कर्ष : पट्टी पडणे आणि दुर्घटना घडणे यांत केवळ काही मिनिटांचे अंतर होते. यावरून ठराविक वेळी होणाऱ्या धावपट्टी-तपासणीची मर्यादा स्पष्ट होते. रडार व कॅमेऱ्यांद्वारे अखंड निरीक्षण हा त्यावरील एक उपाय होय. तथापि, एका विमानाच्या देखभालीतील उणीव दुसऱ्या विमानातील प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून विमानाच्या संरचनेचे रक्षण दुरुस्ती-कक्षातील प्रत्येक पट्टी व प्रत्येक स्क्रूपासूनच सुरू होते, असे म्हणणे उचित ठरेल.