नाव पुढे, ओळख मागे : जुन्या दूरचित्रवाणी संचाची चॅसी कशी ओळखावी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्या काळी घरोघरी चित्रनलिकेचेच, म्हणजे पिक्चर ट्यूबचे, दूरचित्रवाणी संच होते. पुराचे पाणी संचामागील कागदी लेबल धुऊन नेते आणि लाकडी खोके फुगवून टाकते. आतील सांगाडा मात्र बहुधा शाबूत राहतो. खानदेशातून येऊन सुरतच्या उधना-लिंबायत भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाचा संच असो, वा गोव्याच्या दमट हवेत माळ्यावर पडून राहिलेला, तो पुन्हा उघडताना पहिला प्रश्न एकच असतो : हा संच नेमका कोणता? त्याचे उत्तर पुढच्या नाममुद्रेपेक्षा मागच्या चॅसीत अधिक खात्रीने मिळते.

चॅसी म्हणजे मुळात धातूची चौकट, जिच्यावर संचाचे सर्व भाग बसवलेले असत. पुढे चौकटीची जागा सर्किट बोर्डाने घेतली, तरी शब्द कायम राहिला. निर्माता एक चॅसी तयार करतो आणि तीच वेगवेगळ्या आकारांच्या, वेगवेगळ्या बटणांच्या अनेक मॉडेलांत वापरतो. ब्रिटनमधील ‘थॉर्न ३०००’ ही चॅसी फर्ग्युसन, अल्ट्रा, एचएमव्ही, मार्कोनीफोन अशा निरनिराळ्या नावांच्या संचांत विकली गेली. भारतातही १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर परदेशी सुट्या भागांची किट जोडून अनेक कंपन्यांनी आपापल्या नावाने संच बाजारात आणले. त्यामुळे खोक्यावरील नाव विक्रेता सांगते. आतील रचना सांगते ती चॅसी.

शोध मागच्या झाकणापासून सुरू करावा. तेथील लेबलावर मॉडेल क्रमांक असतो आणि काही वेळा चॅसीचा संकेतही. हे दोन क्रमांक एकच समजू नयेत. लेबल नसल्यास सर्किट बोर्डाच्या कडेला छापलेली अक्षरे वाचावीत. फिलिप्सच्या ‘के-९’, ‘केटी-३’ यांसारखे संकेत चॅसीचे आहेत, मॉडेलचे नव्हेत. काही जुन्या संचांत झाकणाच्या आतील बाजूस सर्किटची आकृती चिकटवलेली असते. ती फाडून टाकू नये.

कोणतेही अक्षर उरले नसेल तर सुटे भागच बोलतात. काचेचे व्हॉल्व्ह दिसले तर संच पहिल्या पिढीचा. काही व्हॉल्व्ह आणि काही ट्रान्झिस्टर एकत्र दिसले तर तो संमिश्र, म्हणजे हायब्रिड. सर्व कामे ट्रान्झिस्टर आणि आयसी करीत असतील तर तो त्यानंतरचा. व्हॉल्व्हवरील पहिले अक्षरही महत्त्वाचे. ‘पीएल-५०४’ किंवा ‘पीसीएल-८०५’ यांतील ‘पी’ हे अक्षर ३०० मिलिअँपिअरच्या फिलामेंटची खूण आहे. असे व्हॉल्व्ह गणपतीच्या आराशीतील दिव्यांच्या माळेप्रमाणे एकापाठोपाठ जोडलेले असतात. एकाचे फिलामेंट तुटले की सगळे विझतात. वाहिनी बदलण्यासाठी खटखट फिरणारी मूठ असेल तर ट्यूनर यांत्रिक आहे. छोट्या बटणांची रांग असेल तर तो इलेक्ट्रॉनिक, म्हणजे साधारणपणे नंतरचा.

ही ओळख केवळ संग्राहकाच्या हौसेसाठी नाही. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या संचांत विजेची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की संपूर्ण धातूच्या चौकटीत २३० व्होल्टचा प्रवाह उतरतो. पुढील काळातील अनेक संचांत ब्रिज रेक्टिफायर आला. तेथे प्लग कसाही बसवला तरी चॅसी ‘जिवंत’च असते. नंतरच्या बोर्डांवर विजेशी थेट जोडलेला भाग रेषेने वेगळा दाखवलेला आढळतो. कोणता प्रकार समोर आहे हे न ओळखता आत हात घालणे जिवावर बेतू शकते. त्यात रंगीत चित्रनलिकेवरील दाब २० ते २५ हजार व्होल्टपर्यंत असतो आणि संच बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो. म्हणून झाकण उघडण्याचे काम अनुभवी कारागिरावरच सोपवावे. जाणता कारागीर वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचाला एकदम पूर्ण वीज देत नाही. आधी मालिकेत बल्ब जोडून पाहतो. बल्ब प्रखर पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे.

सुट्या भागांची निवडही चॅसीवरच ठरते. उच्च दाब निर्माण करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कारागिरांच्या भाषेत एलओटी, दिसायला सारखा असला तरी त्याच्या पिनांची जुळणी चॅसीनुसार बदलते. चुकीचा बसवला तर आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जळतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. परदेशात नोकरी करणाऱ्या अनेकांनी तिकडून संच आणले. भारताच्या पाल-बी पद्धतीत चित्र आणि ध्वनी यांच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर आहे, ब्रिटनच्या पाल-आय पद्धतीत ६ मेगाहर्ट्झचे. केवळ ब्रिटनसाठी बनवलेल्या चॅसीवर भारतीय चित्र दिसले तरी आवाज नीट येणार नाही. तो दोष बिघाडाचा नव्हे, पद्धतीचा आहे.

आज दूरदर्शनचे जमिनीवरील अॅनालॉग प्रक्षेपण बहुतांशी थांबले आहे. जुना संच चालवायचा तर सेट टॉप बॉक्स आणि मॉड्युलेटर लागतो. संच टाकून द्यायचा असला, तरी चित्रनलिकेच्या मागील काचेत शिसे असते. ती न फोडता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी. त्याआधी चॅसीचा संकेत टिपून, तिचे छायाचित्र काढून ठेवावे. त्याच चॅसीचा दुसरा संच दुरुस्त करणाऱ्याला याच खोक्यातील एलओटी किंवा ट्यूनर उपयोगी पडू शकतो.