सूत्र लावण्यापूर्वी: वाल आणि लाँच

बारावीच्या वर्गात द्विपद वितरणाचे सूत्र शिकवले, की विद्यार्थी गणिते भराभर सोडवू लागतात. हे सूत्र इथे लागू पडते का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. उरण परिसरातील दोन उदाहरणांवरून तो वर्गात मांडता येईल.

भातकापणीनंतर वाल पेरतात. समजा, एका वाणाचे १०० पैकी ८० दाणे रुजतात. पाच दाणे पेरले, तर नेमके तीन रुजण्याची संभाव्यता किती? पहिले तीन रुजतील व शेवटचे दोन वाया जातील, याची संभाव्यता ०.८ × ०.८ × ०.८ × ०.२ × ०.२, म्हणजे ०.०२०४८. पण वाया जाणारे दोन दाणे पाचांपैकी कोणतेही असू शकतात. पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार १०. म्हणून उत्तर ०.२०४८. वर्गात चाळीस जणांनी प्रत्येकी पाच दाणे रुजत घातले, तर सुमारे आठ जणांकडे नेमके तीन अंकुर दिसावेत. हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आता दुसरे उदाहरण. मोरा बंदराहून मुंबईला भाऊच्या धक्क्याकडे लाँच जातात. मोऱ्याला गाळ असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही. समजा, सकाळी साडेआठची लाँच १०० पैकी २० दिवस सुटत नाही. एका विद्यार्थ्याची मुंबईत सलग पाच दिवस परीक्षा आहे. नेमके दोन दिवस त्याची लाँच चुकण्याची संभाव्यता किती? आकडे तेच, म्हणून वर्ग सांगेल, ०.२०४८. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक.

असे का? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सहा तासांनी, सव्वाआठला. चतुर्थीला ती नऊला, पंचमीला पावणेदहाला. ओहोटी रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. त्यामुळे आज साडेआठला पाणी नसेल, तर उद्याही नसण्याचा संभव मोठा. लाँच न सुटण्याचे दिवस लागोपाठ येतात, मग पुढच्या पंधरवड्यापर्यंत अडचण नसते. एक दाणा कुजला म्हणून शेजारचा कुजत नाही. दिवस मात्र एकमेकांशी बांधलेले असतात. त्या विद्यार्थ्याने सूत्रापेक्षा पंचांग पाहावे, हेच शहाणपणाचे.

याच लाँचचे वर्षभरातले पाच दिवस चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तर सूत्र चालले असते.

याकोब बर्नुली यांच्या निधनानंतर १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रकारच्या प्रयोगांचा पाया घातला गेला. त्याच्या अटी मोजक्याच आहेत: प्रयोगांची संख्या ठरलेली, प्रत्येकाची फलिते दोनच, यशाची संभाव्यता दर वेळी तीच आणि प्रयोग परस्परांपासून स्वतंत्र. गणित सोडवण्यापूर्वी या चार अटी तपासून वहीत लिहायला सांगाव्यात. गुण सूत्राला मिळतात. समज त्या चार ओळींत दिसते.