बंक बेड आणि चार बोटांचा हिशोब

परभणीला देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात चढलेलं लेकरू सगळ्यांत आधी वरच्या बर्थसाठी हट्ट धरतं. आई खाली ओढते, ते पुन्हा चढतं, आणि मानवत रोड येईपर्यंत कसाबसा तह होतो: सेलूपर्यंत वर बस, मग झोपायला खाली ये. हाच हट्ट आता घरात शिरला आहे. त्याला मोठ्यांचा विरोधही फारसा नाही, कारण घरात जागा नाही. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २६९ चौरस फूट. तिथं दोन पलंग शेजारी मांडले की चालायला वाट उरत नाही. मग वडील फॅब्रिकेशनच्या दुकानात जातात आणि सांगतात, "सव्वासहा बाय तीन, वर-खाली, एक शिडी. कितीला पडंल?"

पुढचं बोलणंही ठरलेलं असतं. पाइप किती गेजचा, रंग कोणता, खाली ड्रॉवर बसेल का. कठड्याच्या दोन पाइपांमध्ये फट किती ठेवणार, हे कोणी विचारत नाही. खरा धोका मात्र त्या फटीत असतो.

आपल्या गावावरून "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. बंक बेडच्या बाबतीत मात्र इथं 'बनवून घेणं' हीच आपली जमेची बाजू आहे. तयार खोक्यातून आलेल्या पलंगाची मापं बदलता येत नाहीत. वेल्डिंगवाल्याला आपण सांगू ती मापं तो ठेवतो. फक्त काय सांगायचं ते आपल्याला माहीत हवं.

"लोखंडाचा हाय, काय होतंय त्याला?"

दुकानदार वरच्या फळीवर दोन दणकट माणसं उभी करून दाखवतो आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. पलंग मजबूत असावाच. फळ्या नुसत्या अँगलवर टेकवलेल्या असतील तर त्या सरकून खालच्यावर पडतात, म्हणून त्या स्क्रूने पक्क्या करून घ्याव्यात. सांध्याला नुसते ठिपके मारून भागवलेलं नसावं, चारही बाजूंनी वेल्डिंग फिरलेलं असावं. पण सरळ उभ्या माणसांचं वजन ही त्यातल्या त्यात सोपी परीक्षा. वरच्या कोपऱ्याला धरून पलंग आडवा हलवून बघा. लेकरं उभी राहत नाहीत, उड्या मारतात.

आणि मजबुती ही अर्धीच गोष्ट. बंक बेडवर जीव जातो तो बऱ्याचदा अडकून. झोपेत लेकरू कडेला सरकतं. कठड्याखालच्या फटीतून आधी पाय बाहेर जातात, मग कंबर, मग छाती. डोकं तेवढ्या फटीतून निघत नाही. अंग खाली लोंबतं, मान अडकते, आणि ओरडायला आवाज फुटत नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईबापांना काही ऐकू येत नाही. पलंग मात्र जसाच्या तसा उभा असतो, एक बोल्टही ढिला झालेला नसतो.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बंक बेडसाठी सक्तीचे नियम केले ते अशा अडकून झालेल्या मृत्यूंमुळेच. जून २००० पासून ते लागू आहेत. त्यांचा गाभा एका आकड्यात आहे: साडेतीन इंच. वरच्या बेडच्या कठड्यात, चौकटीत, फळ्यांमध्ये साडेतीन इंच जाडीचा ठोकळा आरपार जाईल अशी फट नको. युरोपचं प्रमाणक आणखी कडक आहे, तिथं मर्यादा साडेसात सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत साडेनऊ ते तेवीस सेंटिमीटर ही धोक्याची फट मानतात: धड जाईल आणि डोकं राहील अशी.

आता आपल्या वेल्डिंगच्या दुकानातली सवय बघा. दिवसभर खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा हात पाच-सहा इंचांवर पाइप लावत जातो. चोराला अडवायला ते अंतर ठीक, झोपलेल्या लेकराला नाही. टेप जवळ नसेल तर जुनं माप वापरा. मोठ्या माणसाची चार बोटं आडवी, म्हणजेच आजीची चार अंगुळं, तीन इंचांच्या आसपास भरतात. चार बोटं अडखळत गेली तर फट बरोबर. बोटं जाऊनही हात वरखाली फिरत असेल, तर मध्ये आणखी एक पाइप घालून घ्या. खालच्या बेडच्या उशा-पायथ्याकडच्या चौकटींनाही हेच माप लावा, तिथंही डोकी अडकतात.

रंगाचं इथंच सांगून टाकतो. दात येणारं धाकटं भावंड खालच्या पाइपला तोंड लावतंच. घरगुती रंगांतलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. यंत्रांसाठीचा औद्योगिक रंग त्यात येत नाही, आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात दोन्ही प्रकारचे डबे असू शकतात. डबा बघूनच रंग मारायला सांगा.

"भिंतीला लावलाय, तिकडून कसं पडंल?"

भिंतीकडूनही पडतं. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये रोज हलून हलून चार-पाच इंचांची सांद तयार होते, आणि झोपेत भिंतीकडे वळणारं लेकरू त्या सांदीत उतरतं. अमेरिकेच्या नियमात वरच्या बेडला दोन्ही बाजूंनी कठडा सक्तीचा आहे. भिंतीकडचा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवा. समोरच्या बाजूला चढण्यापुरती मोकळी जागा चालते, पण ती १५ इंचांहून जास्त नको. आपल्याकडे पाइप वाचवायचा म्हटलं की पहिला काट नेमका भिंतीकडच्या कठड्यावर बसतो. त्यात वाचतात ते जेमतेम काही किलो लोखंडाचे पैसे.

पलंग भिंतीला बोल्टने जखडूनही घ्यावा. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला आणि परभणीतही भांडी वाजली. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा तेवढ्याच ताकदीचा धक्का बसला. दोन्ही वेळा लेकरं अंथरुणात असण्याचीच वेळ होती.

"कठडा हाय की!"

आहे, पण गादी टाकल्यावर तो किती उरतो? आपल्याकडच्या घरांत ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि ती कापसाच्या गादीमुळे होते. कठड्याची उंची फळीपासून मोजायची नसते, गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजायची असते. अमेरिकेत ती किमान ५ इंच, युरोप-ऑस्ट्रेलियात किमान १६ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा इंचांहून थोडी अधिक.

फोमची गादी आज जेवढी जाड तेवढीच पुढच्या वर्षीही. मानवत-सेलूच्या बाजारांत कापसाचे ढीग बघत वाढलेल्या आपल्या जिल्ह्यात मात्र अजूनही गादी म्हणजे कापसाचीच. ती वापरून वापरून दबते, तीन-चार इंचांवर येते. वडील टेप लावतात ते याच दबलेल्या गादीवर. फळीपासून नऊ इंचांचा कठडा, चार इंच गादीत गेले, पाच उरले, झालं. मग थंडीच्या तोंडावर आई गादी उसवून कापूस पिंजून आणते, वर किलोभर नवा भरते. गादी फुगून सात इंचांची होते. कठडा उरला दोन इंच! आणि थंडी वाजते म्हणून वर आणखी एक वाकळ अंथरली की तोही संपला. उन्हाळ्यात सुरक्षित असलेला पलंग डिसेंबरात धोक्याचा होतो, आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

उपाय अगदी साधा आहे. कठडा फळीपासून १४ इंच उंच घ्या आणि त्यात चार बोटांच्या हिशोबाने आडवे पाइप बसवा. कठड्यावर आतून ऑइल पेंटची एक लाल रेघ मारा: गादी याच्या वर जाता कामा नये. युरोपच्या पलंगांवर अशी खूण कारखान्यातूनच करून येते.

"आमचं पोरगं माकडासारखं चढतंय"

चढता येणं आणि झोपेत न पडणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. चिंचेवर चढणारं लेकरू जागं असतं. रात्री दोन वाजता लघवीला उठलेलं, डोळे न उघडता पाय खाली सोडणारं लेकरू निराळं. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर झोपवू नका, असं अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे सांगतात. ऑस्ट्रेलियात तर नऊ वर्षं थांबायचा सल्ला देतात. अमेरिकेत १९९० ते २००५ या काळातल्या बंक बेडच्या दुखापतींचा एक अभ्यास २००८ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. २१ वर्षांपर्यंतच्या सुमारे ३६ हजार मुलामुलींना दरवर्षी त्यापायी दवाखाना गाठावा लागत होता. जवळपास तीन चतुर्थांश दुखापती पडल्यामुळे झालेल्या, आणि दुखापत झालेल्यांत निम्मी मुलं सहा वर्षांच्या आतली.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट वसतिगृहांच्या आणि कोचिंग क्लासच्या या गावाने वाचायला हवी. १८ ते २१ वयाच्या मुलांमध्ये दुखापतीचं प्रमाण १४ ते १७ वाल्यांच्या दुप्पट होतं. मोठा झाला, आता कठडा काढून टाकू, हा हिशोबही चुकीचाच.

शिडी पलंगाला पक्की जोडलेली हवी, नुसती अडकवलेली नको. गोल पाइपाच्या पायऱ्या अनवाणी पायाला टोचतात आणि घामाने निसटतात, चपट्या पट्ट्या घ्या. शिडीजवळ रात्रभर छोटा दिवा ठेवा.

पंखा, कूलर आणि वैशाख

छताच्या पंख्याचं मात्र गैरसमजामुळे नाही, नुसत्या विसरामुळे राहून जातं. दहा बाय दहाची खोली घ्या. पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून पाच फुटांवर. ४८ इंची पंख्याचं पातं मधून दोन फूट पसरतं, म्हणजे भिंतीपासून तीन फुटांवर येतं. आणि भिंतीला लावलेला पलंग तीन फूट रुंद! पात्याचं टोक बरोबर पलंगाच्या कडेवर फिरतं. स्लॅब दहा फुटांवर असला तरी पातं साडेआठ फुटांवर. वरची गादी साडेपाच फुटांवर धरली तर त्या लेकराला उभं राहायला तीन फूट उरले. बसलं तर ठीक. पांघरूण झटकायला उभं राहिलं, हात वर गेला, की संपलं. अशा खोलीत छताचा पंखा काढून भिंतीवरचा पंखा लावावा, तोही जाळीचा आणि पलंगाच्या समोरच्या भिंतीवर.

परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या घरात जातो. दिवसभर तापलेला पत्रा किंवा उघडा स्लॅब रात्री तोंडावर आग ओकतो आणि कूलरचा गारवा खालीच रेंगाळतो. माझं मत स्पष्ट आहे: मृग निघेपर्यंत वरचा मजला रिकामा ठेवा. आणि कूलरचा पत्रा लोखंडी पलंगाला कधीच टेकू देऊ नका. कूलरच्या अंगात करंट उतरला तर तो थेट पलंगभर पसरतो. हातभर अंतर, पक्कं अर्थिंग आणि बोर्डावर करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी, एवढं पाहिजेच.

"खाली झोपणाऱ्याला काय भ्या?"

त्याच्यासाठी एवढंच: वरच्या पाइपाला काही बांधू नका. तान्ह्याची झोळी नको, ओढणीचा झोका नको, मच्छरदाणीच्या लोंबत्या दोऱ्या नकोत. खेळता खेळता गळ्यात फास बसायला फार उंची लागत नाही.

"कंपनीचा हाय म्हंजे बरोबरच असणार"

महाग पलंगाच्या लाकडाचं पॉलिश सुंदर असतं, पण फटी तरीही मोजाव्या लागतात. भारतीय मानक ब्युरोने बंक बेडसाठी आयएस १७६३६ हे वेगळं मानक २०२२ साली काढलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने फर्निचरसाठी जो गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, त्याच्या यादीतही बंक बेड आहे. तयार पलंग घेताना दुकानदाराला हा क्रमांक सांगा आणि शिक्का दाखव म्हणा. तो गोंधळला, तर खिशातला टेप काढा.

राहिला प्रश्न जागेचा. एक सिंगल पलंग साधारण १९ चौरस फूट जागा खातो, म्हणजे बंक बेडने तेवढीच जागा वाचते. त्यातून शिडीची आणि चढण्या-उतरण्याची जागा वजा करायची. आपल्याकडे याहून जास्त जागा वाचवणारी सोय होती आणि तिला कठडा लागत नव्हता. सकाळी वळकटी करायची, घडवंचीवर ठेवायची, आणि खोली दिवसभर मोकळी. घरातली दोन्ही लेकरं सहा वर्षांच्या आतली असतील, तर बंक बेड घेऊच नका. थोरलं नऊ वर्षांचं होईपर्यंत घडवंची वापरा, आणि मग जाताना वेल्डिंगवाल्याकडे मापांचा कागद घेऊन जा.