'सोबतीला मोठी माणसे आहेत'. पण त्यांच्या तयारीचे काय?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की शाळा, क्रीडामंडळे आणि गिर्यारोहण संस्था यांच्या सूचनाफलकांवर निवासी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी तंबूतील मुक्काम, गडावरची चढाई, शेकोटी आणि रात्रीचे आकाशदर्शन असा तीन-चार दिवसांचा कार्यक्रम आखलेला असतो. शुल्क किती, जेवण कसे, झोपण्याची सोय काय, याची पालक बारकाईने चौकशी करतात. मुलांबरोबर कोण जाणार, या प्रश्नावर मात्र 'सात-आठ मोठी माणसे आहेत' एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होते. ती मोठी माणसे तेथे नेमके काय करणार आणि ते त्यांना कोणी शिकवले आहे, हा पुढचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

तो का विचारावा, याचे उत्तर दोन दुर्घटनांत आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात बुडून मृत्यू झाला. दोन्ही सहलींबरोबर मोठी माणसे होती. कोणाची चूक किती, याचा निवाडा हा या लेखाचा विषय नाही. मात्र वडीलधाऱ्यांची नुसती उपस्थिती म्हणजे सुरक्षितता नव्हे, एवढे या घटनांनी पुरेसे स्पष्ट केले आहे.

सर्वांचे लक्ष म्हणजे कोणाचेच नाही

तीस मुले नदीकाठी खेळत आहेत आणि पाच मोठी माणसे आसपास उभी आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पाचही जणांना मुलांची काळजी आहे. तरीही एक जण स्वयंपाक्याशी बोलत असतो, दुसरा छायाचित्रे काढत असतो, तिसरा दूरध्वनीवर असतो आणि 'दुसरे कोणीतरी पाहत आहे' असे प्रत्येकाने गृहीत धरलेले असते. बहुतेक अपघातांना हीच फट पुरते. म्हणून सोबतीच्या तयारीची पहिली पायरी म्हणजे कामांची आणि मुलांची नावानिशी वाटणी.

ही कल्पना नवी नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर भरवले, तेव्हाही मुलांचे चार लहान गट पाडले होते. स्काऊट चळवळीची गटपद्धती पुढे यातूनच रुजली. सहा-सात मुलांमागे एक सोबती ठरलेला असेल, तर त्याला प्रत्येक मुलाचे नाव, सवय आणि प्रकृती ठाऊक होते. पाण्याजवळ किंवा दोरावरच्या उपक्रमांत हे प्रमाण आणखी वाढवावे लागते.

मोजणी हेही शिकण्याचे काम आहे. नुसती डोकी मोजण्यापेक्षा नावे पुकारून हजेरी घ्यावी. कारण आकडा जुळला नाही तर कोण नाही, हे डोकी मोजून कळत नाही. गाडीत बसताना, उतरल्यावर, पाण्यात जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर, झोपताना आणि उठल्यावर हजेरी ठरलेलीच असावी. जोडीला मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून उभे राहायचे, हा साधा सराव पहिल्याच दिवशी करून घेतला, तर चुकलेले मूल मिनिटभरात लक्षात येते.

निघण्यापूर्वीची बैठक

शिबिराच्या किमान दोन आठवडे आधी सर्व सोबत्यांची बैठक व्हावी. त्यापूर्वी दोघांनी जागा प्रत्यक्ष पाहून आलेले असावे. जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, रात्री तेथे डॉक्टर असतात का, मोबाइलची रेंज कोठे मिळते आणि कोठे जाते, गाडी तंबूंपर्यंत पोहोचते का, या गोष्टी कागदावर नोंदवाव्यात. गावकऱ्यांशी बोलणे तर सर्वांत मोलाचे. 'या डोहात पूर्वी कोणी बुडाले आहे का?' या एका प्रश्नाचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

प्रत्येक मुलाच्या प्रकृतीचे टिपण पालकांकडून घ्यावे आणि ते बैठकीत वाचावे. दमा, अपस्मार, मधुमेह, एखाद्या पदार्थाची किंवा मधमाशीच्या दंशाची अ‍ॅलर्जी यांची माहिती केवळ शिबिरप्रमुखाच्या वहीत राहून उपयोग नाही. ती त्या मुलाच्या गटाच्या सोबत्याला असली पाहिजे. औषधे मूळ वेष्टनात, नाव आणि मात्रा लिहून एकाच जबाबदार व्यक्तीकडे द्यावीत. दम्याचा पंप मात्र मुलाच्या हाताशीच हवा.

बैठकीचा उरलेला वेळ भाषणात न घालवता प्रसंगांच्या सरावाला द्यावा. 'रात्री दोन वाजता एका मुलाला धाप लागली आहे. तुम्ही काय कराल?' किंवा 'उतरताना एकाचा पाय मुरगळला. त्याच्याबरोबर कोण थांबेल आणि उरलेल्या मुलांना कोण नेईल?' असे प्रश्न घालून प्रत्येकाकडून उत्तर घ्यावे. घरात बसून सुचलेले उत्तर अंधारात आठवते. अंधारात नवे उत्तर सुचणे अवघड असते.

पाणी, साप आणि वीज

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हा चित्रपटांनी रूढ केलेला समज आहे. प्रत्यक्षात श्वासासाठी धडपडणाऱ्याला ओरडता येत नाही. तो बहुधा निःशब्दपणे आणि थोड्याच वेळात पाण्याखाली जातो. म्हणूनच मुले पाण्यात असताना ज्याचे काम केवळ पाहणे आहे, असा सोबती काठावर हवा. त्याच्याजवळ मोबाइल नसावा. दोर आणि तरंगणारी वस्तू असावी. पोहता येणाऱ्यानेही घाईने उडी मारू नये. आधी दोर, काठी किंवा हवाबंद रिकामा डबा पुढे करावा, हे सोबत्याने हाताने करून पाहिलेले असावे. कोकणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. त्यामुळे कालच्या वेळेवर आजचा कार्यक्रम ठरवता येत नाही. धरणाखालच्या नदीत, आकाश निरभ्र असतानाही पाणी अचानक वाढू शकते.

सर्पदंशाबाबत सोबत्याने काय करू नये, हे आधी शिकले पाहिजे. जखम कापू नये, रक्त चोखू नये, आवळपट्टी बांधू नये आणि मांत्रिकाकडे जाण्यात वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव न हलवता मुलाला धीर देत, शक्यतो चालू न देता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष एकच असल्याने साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. तेथे धूर, आरडाओरड आणि उग्र अत्तरे टाळावीत. ढगांचा गडगडाट ऐकू आला की माथा आणि एकाकी झाड सोडून पक्क्या छताखाली जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

रात्र आणि एकांत

शिबिरातील सर्व धोके निसर्गातून येत नाहीत. कोणत्याही प्रौढाने एका मुलाबरोबर बंद तंबूत किंवा खोलीत एकटे राहू नये. बोलायचे असेल तर इतरांना दिसेल अशा जागी बोलावे, हा नियम अनेक देशांतील युवक संघटना पाळतात. त्यात मुलाचे रक्षण आहे आणि निर्मळ मनाच्या सोबत्याचेही. मुलींच्या तंबूंजवळ महिला सोबती असाव्यात, स्नानगृहाच्या परिसरात मोबाइल वापरू नये आणि मद्य पूर्णपणे वर्ज्य असावे, हे लेखी ठरवून घ्यावे. मुलाने कोणाच्या वागण्याविषयी तक्रार केली, तर 'शिबिर संपल्यावर पाहू' असे म्हणता येत नाही. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून ती दडवणे हा गुन्हा आहे. मुलांसाठीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक तसेच रुग्णवाहिकेसाठीचा १०८ प्रत्येक सोबत्याला पाठ असावेत.

पहिल्या रात्रीचे रडणे हा मात्र गुन्हाही नव्हे आणि आजारही. घरची आठवण आलेल्या मुलाची थट्टा न करता त्याच्याजवळ बसावे आणि सकाळसाठी त्याच्यावर एखादे छोटे काम सोपवावे. अंथरूण ओले झाले तर इतरांना न कळता बदलून द्यावे. पुढे कित्येक वर्षे मुलाच्या स्मरणात गड राहत नाही, ही एक गोष्ट राहते.

'आज नको' म्हणण्याचे बळ

राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन उपक्रमांसाठी धोरण जाहीर केले. आयोजक संस्था नोंदणीकृत आहे का आणि तिचे प्रशिक्षक प्रशिक्षित आहेत का, हे पालकांनी जरूर विचारावे. परंतु कोणताही शासननिर्णय नदीकाठी उभा राहत नाही. तेथे माणूसच उभा असतो. मुले हट्ट धरतात, गाडीचे पैसे भरलेले असतात आणि 'एवढ्या लांब येऊन पाण्यात उतरायचे नाही?' असा सूर मोठ्यांतूनच उमटतो. अशा वेळी कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठरलेले नसेल, तर सूज्ञ माणूसही संकोचाने गप्प बसतो. एका जरी सोबत्याने धोका सांगितला तरी उपक्रम थांबेल आणि त्याबद्दल त्याला नंतर कोणी बोल लावणार नाही, असा संकेत बैठकीतच पक्का व्हावा.

शिबिराला नाव नोंदवताना पालकांनी म्हणूनच एक प्रश्न अधिक विचारावा: 'माझ्या मुलाकडे लक्ष कोण ठेवणार, त्यांचे नाव काय?' ज्या संस्थेकडे याचे उत्तर लगेच तयार असते, तिच्याकडे बाकीची उत्तरेही बहुधा असतात. जेथे 'आम्ही सगळेच आहोत ना' असे सांगितले जाते, तेथे पैसे भरण्यापूर्वी थोडे थांबावे.