कान, नाक आणि आता जीभ

सोनारानेच कान टोचावे, असे आपण म्हणतो. ज्याचा अधिकार त्यानेच चार शब्द सुनवावेत, हा अर्थ आता रूढ झाला आहे, पण म्हण शब्दशः घेतली तरी खरीच आहे. पाळीवर कोणत्या जागी तार घालायची, ती कशी वळवायची आणि पुढे काय काळजी घ्यायची हे सोनाराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. अलीकडे मात्र टोचणे पाळीवर थांबत नाही. कानाची वरची कड, भुवई, नाभी आणि जीभसुद्धा टोचून घेतलेली तरुण मुले-मुली मोठ्या शहरांत दिसतात. अकरावी-बारावीतली मुले त्याविषयी आपसात बोलतात, घरी बोलत नाहीत. शिक्षकाच्या लक्षात येते ते एखादी विद्यार्थिनी एकाएकी ‘स’ म्हणायला अडखळू लागल्यावर.

‘काय ही थेरं!’ म्हणून विषय तिथेच संपवता येतो. पण त्यामुळे टोचणे थांबत नाही, सुजलेली जीभ लपवली जाते. आणि या सगळ्या प्रकारात लपवलेल्या सुजेइतके धोक्याचे दुसरे काही नाही. आमचे मत विचाराल तर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे. ब्रिटनमधील वेल्समध्ये तर २०१८ पासून अठरा वर्षांखालील मुलांची जीभ टोचायला कायद्याने बंदी आहे. पण मत सांगून भागत नाही. टोचल्यावर शरीरात काय घडते हे ज्याला समजले आहे, त्याला सल्ला पटतो आणि धोक्याची खूणही ओळखता येते.

साधी जखम झाली की शरीर ती मिटवायच्या मागे लागते. आधी रक्त गोठते, मग पांढऱ्या पेशी जंतूंचा आणि मेलेल्या पेशींचा निचरा करतात, आणि कडेच्या त्वचेतील पेशी सरकत सरकत मधल्या उघड्या भागावर पसरतात. दोन्ही काठांच्या पेशी एकमेकींना भेटल्या की जखम बंद होते. टोचलेल्या जागी मात्र मध्ये धातूची दांडी असते. पेशींना समोरचा काठ सापडत नाही, म्हणून त्या दांडीच्या कडेकडेने आत शिरतात. एक थर वरून येतो, एक खालून, आणि मध्यावर त्यांची गाठ पडते. अशा रीतीने छिद्राला आतून अस्तर लागते आणि त्याचा बोगदा होतो. टोचणे म्हणजे जखम भरू द्यायची, पण मिटू द्यायची नाही.

कानातल्या बोगद्याचे अस्तर नेहमीच्या त्वचेसारखेच असते आणि नेहमीच्या त्वचेसारखेच ते झडतेही. कुड्या बऱ्याच दिवसांनी काढल्या तर फिरकीला पांढरट, वास येणारा मळ लागलेला असतो. तो झडलेल्या पेशी आणि त्वचेतील तेल यांचा असतो. पू समजून घाबरायचे कारण नाही.

पाळीचे छिद्र भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. कानाच्या वरच्या कडेला सहा महिने, कधी वर्षही लागते. तिथे कूर्चा असते आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते वरच्या पातळ आवरणातून झिरपून. तिथे जंतू शिरले तर पांढऱ्या पेशी आणि औषध दोन्ही उशिरा पोचतात आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. पाळी आणि कड यांत अंतर बोटभर, पण जोखमीत फरक मोठा.

जिभेची गोष्ट याच्या अगदी उलट. ती जवळजवळ सगळी स्नायूंची बनलेली आहे आणि तिला रक्ताचा भरपूर पुरवठा आहे. शिवाय ती लाळेत बुडालेली असते. लाळेत जंतूंना मारणारे लायसोझाइमसारखे पदार्थ असतात आणि पेशींची वाढ चेतवणारी प्रथिनेही असतात. त्यांतले एक स्टॅन्ले कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाला उंदराच्या लाळग्रंथींत सापडले आणि त्या शोधासाठी १९८६ चे नोबेल पारितोषिक त्याला रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्याबरोबर मिळाले. जेवताना चावली गेलेली जीभ दोन-चार दिवसांत बरी होते, मागे वणही राहत नाही. हे आपण सगळेच अनुभवतो. टोचलेल्या जिभेचे छिद्र म्हणूनच साधारण चार ते सहा आठवड्यांत भरते. पण रक्ताचा भरपूर पुरवठा म्हणजे भरपूर सूज, आणि तोंड म्हणजे शेकडो जातींच्या जंतूंचे घर. जीभ लवकर बरी होते, ती या दोन अडचणींतून वाट काढून.

आरशासमोर उभे राहून जिभेचे टोक टाळूला लावा. खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल, तो जिभेला तोंडाच्या तळाशी बांधून ठेवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतील. त्यांच्याजवळच, पण न दिसणाऱ्या खोलीवर, दोन धमन्या जातात. मध्यरेषेवर मात्र तंतूंचा एक उभा पडदा असतो आणि तिथे मोठ्या वाहिन्या नसतात. म्हणून जाणता टोचणारा बांधणीच्या पडद्यापुढे, मध्यरेषेवर जागा धरतो आणि आधी जिभेखाली उजेड टाकून शिरा पाहून घेतो. बाजूला टोचणे म्हणजे धमनीशी खेळ. तो फॅशनसाठीही करू नये.

उजेडात शिरा पाहून टोचण्याची ही पद्धत नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कर्णवेधाचे वर्णन आहे. मुलाचा कान ताणून सूर्यप्रकाशासमोर धरावा आणि जिथून उजेड आरपार दिसतो त्या नैसर्गिक जागी टोचावे, असे तिथे सांगितले आहे. जागा चुकली तर कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या शिरांना इजा होऊन कोणते त्रास होतात तेही दिले आहे. पुढे तेलाची वात घालावी आणि दर तिसऱ्या दिवशी ती बदलून जाड करत जावी, म्हणजे छिद्र मोठे होते. वात काय आणि धातूची दांडी काय, काम एकच: पेशींची गाठ पडू न देणे.

जीभ टोचण्याचा इतिहासही जुना आहे, पण तो अलंकाराचा नाही. मेक्सिकोतील याश्चिलान येथील माया लोकांच्या एका शिल्पपटात राणी जिभेतून काटेरी दोर ओढते आहे. तो प्रसंग इसवी सन ७०९ चा असून पट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुरुगनच्या तैपूसम उत्सवात भक्त जिभेतून छोटा भाला आरपार घालतात. पण उत्सव संपला की भाला काढतात आणि जीभ मिटून जाते. जिभेत दांडी कायम ठेवणे ही विसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट आहे.

आता तयारी. पहिला प्रश्न सुईचा. सुई एकदाच वापरायची, बंद पाकिटातली आणि आपल्यासमोर फोडलेली हवी. चिमटे, दांडी वगैरे ऑटोक्लेव्हमधून काढलेले हवे. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. वाढलेल्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ ते २० मिनिटे दिली की जंतूंचे कठीण कवचातले बीजाणूही मरतात. साध्या उकळत्या पाण्यात ते टिकून राहू शकतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली सुई निर्जंतुक नसते. कावीळ ब चा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो, एवढे एक वाक्य विद्यार्थ्यांना सांगितले तरी पुरे. जत्रेतल्या किंवा फुटपाथवरच्या टोचणाऱ्याकडे जायचे की नाही ते त्यांना आपोआप कळेल. या काविळीची आणि धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे आधीच पाहावे. कान टोचण्याचे प्लॅस्टिकचे पिस्तूल ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. जिभेसाठी तर ते मुळीच चालत नाही.

दुसरा प्रश्न धातूचा. स्वस्त दागिन्यांत निकेल असते आणि ते अनेकांना सोसत नाही. निकेलची वावडी एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते. युरोपात म्हणूनच १९९४ साली टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतील निकेलवर मर्यादा घातली गेली. शरीरात बसवण्याच्या प्रतीचे टायटॅनियम सर्वांत चांगले. दांडी व्यायामशाळेतल्या डंबेलसारखी, दोन्ही टोकांना गोळी असलेली असते. जाडी बहुधा १.६ मिलिमीटर. पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात. ती लोंबते, विचित्र दिसते आणि मुले लगेच आखूड मागतात. पण ती जागा सुजेसाठी राखलेली असते. आखूड दांडी असली तर सुजलेल्या जिभेत गोळी रुतून बसते.

तिसरी गोष्ट, ज्याने टोचूच नये तो कोण. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडली असेल, मधुमेह ताब्यात नसेल, रक्त गोठण्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तोंडातले जंतू जखमेतून रक्तात जातात आणि बिघडलेल्या झडपेवर घर करतात. गुटखा-सुपारीने तोंड पुरते उघडेनासे झाले असेल, तर टोचणाऱ्याकडे नव्हे, दंतवैद्याकडे जायचे. टोचण्यापूर्वी ॲस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्त वाहते राहते. उपाशीपोटी जाऊ नये, भोवळ येते. आणि परीक्षेच्या किंवा वक्तृत्व स्पर्धेच्या तोंडावर तर जाऊच नये.

ते का, हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. हळूहळू म्हणा: मामा, बाबा. हे शब्द ओठांवरच निघतात. आता ताई, दादा, नाना म्हणा. जिभेचे टोक दातांकडे गेले. काका म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागला. सुजलेल्या जिभेचा माणूस पहिले काही दिवस मामा-बाबांना नीट हाक मारतो, ताई-दादांना मात्र बोबडी.

सूज साधारण तीन ते पाच दिवस वाढते, मग ओसरते. दुखावलेल्या पेशींतून निघालेल्या रसायनांमुळे केशवाहिन्या सैल होतात आणि त्यांच्यातले पाणी भोवती झिरपते. हा दुरुस्तीचाच भाग आहे. बर्फाचे स्वच्छ, लहान तुकडे विरघळू द्यावेत, उशी उंच घ्यावी, बोलणे कमी करावे. आहार म्हणजे गार ताक, पातळ आंबील, मऊ वरणभात. तिखट, गरम आणि कुरकुरीत नको. तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रखडते. छिद्राभोवती पांढरट स्राव येतो, तो बहुतेक लसिकेचा आणि मेलेल्या पेशींचा असतो. दात मऊ, नव्या ब्रशने घासावेत. दांडीला हात लावायचा तो फक्त धुतलेला, आणि तोही दिवसातून एकदा गोळ्या घट्ट आहेत ना हे पाहण्यापुरता.

प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी. मीठ किती? इथे घरोघरी चूक होते, कारण जास्त खारट तेवढे जास्त गुणकारी असे वाटते. बटाट्याच्या दोन सारख्या लांबट फोडी घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी चांगल्या खारट पाण्यात तासभर ठेवा. खारट पाण्यातली मऊ पडून वाकते, कारण तिच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले गेले. जखमेच्या काठावरून सरकू पाहणाऱ्या कोवळ्या पेशींचे असेच होते. सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण ते आपल्या रक्ताशी जुळते. म्हणजे पाव लिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम. तुमच्या घरच्या चमच्यात किती ग्रॅम मावते ते प्रयोगशाळेच्या तराजूवर मोजून घ्या. बहुधा अर्ध्या सपाट चमच्याहून कमीच भरेल. पाणी उकळून कोमट केलेले असावे. अल्कोहोल असलेली माउथवॉश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड याच कारणाने टाळावीत. हळद कानाला लावतात तशी जिभेवर दाबू नये. डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि तिचे कण छिद्रात अडकतात. चुळांचाही अतिरेक नको, कारण तोंडातले नेहमीचे जंतू मेले की त्यांच्या जागी बुरशी वाढते.

हे सगळे नीट चालले असता दोन-तीन दिवसांत दुखणे उतरते. त्याऐवजी वाढत गेले, ताप आला, पिवळा-हिरवा घट्ट पू आला, हनुवटीखाली सूज उतरली किंवा रक्त थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. गिळता येत नसेल, लाळ बाहेर गळत असेल, श्वासाला त्रास असेल, तर वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय. तोंडाच्या तळाची सूज श्वासाची वाट दाबते आणि मग तासांचा हिशेब उरतो. वर्गात अशी विद्यार्थिनी दिसली तर रागावणे उद्यावर टाकावे. दांडी घाबरून स्वतः काढू नये. तोंड बंद झालेल्या छिद्रात पू आतच कोंडतो. काढायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

सूज ओसरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी, लांब दांडी बदलून आखूड घालायची असते. हे बरेच जण विसरतात, आणि दंतवैद्याकडे दिसणारे पुष्कळसे नुकसान इथूनच सुरू होते. लांब दांडी दातांखाली येते, दाढेचा टवका उडतो. काहींना ती दातांवर घासायची सवय लागते, मग खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकते. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही.

एम.आर.आय. तपासणीपूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी दांडी काढायला सांगतात, तेव्हा किती वेळ काढायची हे विचारून घ्यावे. आजीच्या कानाचे छिद्र वर्षभर रिकामे राहिले तरी कुडी पुन्हा जाते. जिभेचे नवे छिद्र मात्र काही तासांत आकसू लागते.