तंत्र म्हणजे जादूटोणा? त्र्यंबकच्या नाथपंथाची गुप्त साधना नेमकी काय आहे

इगतपुरी : घोटीहून त्र्यंबकेश्वर गाठलं की ब्रह्मगिरी समोर दिसतो. याच डोंगरातल्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दीक्षा दिली, असं परंपरा सांगते. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने साधू, योगी आणि 'तांत्रिक' हे शब्द पुन्हा कानावर पडणार आहेत. म्हणूनच यातला फरक समजून घेऊ.

नाथपंथाचा तंत्राशी संबंध काय?
आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी ही गुरुपरंपरा. मत्स्येंद्रनाथांचं नाव कौल या तांत्रिक मार्गाशी जोडलं जातं. या मार्गाच्या काही शाखांत मद्य-मांसाचा विधीत वापर होत असे. गोरक्षनाथांच्या परंपरेने बाह्य विधींपेक्षा प्राणायाम, संयम आणि कुंडलिनी जागृतीवर, म्हणजे हठयोगावर भर दिला.

बौद्ध तंत्राशीही नातं?
हो. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांत वज्रयान बौद्ध पंथाच्या खुणा आहेत आणि नंतरच्या नाथपंथाच्याही. नेपाळमध्ये मच्छिंद्रनाथांना अवलोकितेश्वराचं रूप मानतात.

साधना गुप्त का ठेवतात?
श्वास रोखण्याच्या क्रिया मार्गदर्शनाशिवाय केल्यास शरीराला अपाय होऊ शकतो. त्यामुळे उपदेश गुरूकडून शिष्याला तोंडीच मिळे. दीक्षेची खूण म्हणजे कानातली कुंडलं. त्यावरूनच 'कानफाटे' हे नाव पडलं.

मग ती सर्वांपर्यंत कशी आली?
शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन थेट मराठीत आहे. गुरू-शिष्यांपुरती असलेली विद्या लोकभाषेत आली. पुढे वारकऱ्यांनी नामस्मरणाची सोपी वाट धरली. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी पौष वद्य एकादशीला आजही दिंड्या येतात.

फसवणूक कुठे सुरू होते?
'करणी झाली', 'गुप्तधन काढून देतो', 'मूल होईल' असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर तिथे साधना संपते आणि धंदा सुरू होतो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हे त्यानुसार गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

कीर्तन, प्रवचन, वारी, परिक्रमा यांना हा कायदा हात लावत नाही.

तुम्ही काय कराल?
घरात कोणी आजारी असेल तर आधी दवाखाना गाठा. कोणी धमकावत असेल, पैसे उकळत असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. गुरू खरा की खोटा हे ठरवणं अवघड असेल, पण उपचार थांबवायला सांगणाऱ्याला ओळखणं अवघड नाही.